वाचायला सगळे, लिहायला मोजके: ओपनबीएसडीने आपली रिपॉझिटरी कशी उघडली

१९९५ साली मुक्त युनिक्स प्रकल्पांतली एक विसंगती सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. बीएसडी (बर्कले विद्यापीठात घडलेले युनिक्स) परवान्यामुळे कोड कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, अशी पूर्ण मुभा होती. पण तो कोड ज्या सीव्हीएस रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास जपणारा साठा; सीव्हीएस हा तो सांभाळणारा प्रोग्रॅम) दिवसागणिक घडत होता, तिच्यापर्यंत फक्त प्रकल्पाने खाते दिलेले विकसक पोहोचत. बाहेरच्या माणसाच्या हाती येई ती अधूनमधून निघणारी आवृत्ती, एफटीपी या फाइल-सेवेवर ठेवलेला टारबॉल (सगळ्या फायलींचे एकच गाठोडे), किंवा ‘सप’सारख्या साधनाने उतरवलेली ताज्या फायलींची प्रत. कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली, हे त्यातून कळत नसे.

ओपनबीएसडी हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प १८ ऑक्टोबर १९९५ रोजी सुरू झाला. त्याच सुमारास संस्थापक थिओ डी राट आणि सहकारी चक क्रॅनर यांनी आपली सीव्हीएस रिपॉझिटरी, तिच्या सगळ्या इतिहासासकट, खाते नसलेल्या वाचकांसाठी उघडली. या व्यवस्थेला ‘अनॉनसीव्हीएस’ म्हणतात. आज गिटवर (सीव्हीएसची जागा घेतलेल्या साधनावर) वाढलेल्या पिढीला यात काही विशेष वाटणार नाही. पण बंद रिपॉझिटरी उघडू पाहणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला जे प्रश्न पडतात ते सगळे इथे आधीच पडून गेले आहेत, आणि त्यांची उत्तरे तपासून पाहता येतात. या प्रकरणातून आम्हाला दिसते ते असे: योगदान देणारे जमतात ते वाचनाच्या खुलेपणाने. लिहिण्याचा हक्क सढळ हाताने वाटावा लागत नाही. तो घट्ट धरूनही प्रकल्प वाढतो.

बाहेरच्या माणसाचे काम कुठे अडत होते

समजा एखाद्याने नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये दोष शोधला. त्याच्याकडे दोन महिन्यांपूर्वीचा टारबॉल आहे. तो दुरुस्ती करतो, मूळ फाइल आणि बदललेली फाइल यांचा डिफ (फरकांची यादी) काढतो आणि विकसकांना मेलने पाठवतो. दरम्यान तीच फाइल आतल्या रिपॉझिटरीत दोनदा बदललेली असते. हा डिफ, म्हणजेच पॅच, लावायला गेले की निम्मे तुकडे नाकारले जातात. आतला विकसक ते हाताने बसवतो किंवा उत्तर पाठवतो की नव्या प्रतीवर पुन्हा करून द्या. नवी प्रत कधी मिळणार, तर पुढचा टारबॉल निघेल तेव्हा. बहुतेक पॅच इथेच सडत.

दुसरी अडचण याहून त्रासाची. दुरुस्ती प्रकल्पात गेली नाही तर ती स्वतःच्या प्रतीत टिकवून धरावी लागते. प्रती उतरवणारी त्या वेळची साधने फाइल जशीच्या तशी बदलत. स्थानिक बदल आणि वरून आलेले बदल एकत्र करणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. म्हणजे प्रत्येक नव्या प्रतीबरोबर आपले बदल पुसले जायचे आणि पुन्हा चढवायचे. पाच-सहा फायलींत बदल असलेला माणूस हे दोन-तीनदा करतो, मग एक तर जुन्या आवृत्तीवर थांबतो किंवा नाद सोडतो.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. कमिटबरोबर (रिपॉझिटरीत बदल चढवताना) लिहिलेली नोंद बाहेर दिसत नसे. एखादी विचित्र दिसणारी अट कोडमध्ये का आहे हे त्या नोंदीत असते. ती न वाचता केलेली दुरुस्ती अनेकदा जुना दोष परत आणते. असे पॅच वारंवार आले की आतले लोक बाहेरच्या पॅचकडे संशयाने बघू लागतात, आणि मग बाहेरचेही पाठवायचे थांबतात.

या सगळ्याचा अनुभव डी राट यांना आतून आणि बाहेरून दोन्हीकडून आला होता. १९९३ साली नेटबीएसडी हा बीएसडी प्रकल्प सुरू करणाऱ्या चौघांपैकी ते एक. स्पार्क प्रोसेसरच्या यंत्रांवरचे नेटबीएसडी बरेचसे त्यांच्या हातचे. डिसेंबर १९९४ मध्ये मुख्य गटाने त्यांना गटाबाहेर काढले आणि त्यांचा रिपॉझिटरीतला प्रवेश बंद झाला. पुढे कित्येक महिने प्रवेश परत मिळण्याबद्दल पत्रव्यवहार झाला, तो निष्फळ ठरला. परवान्याने कोड त्यांचाही होता. पण ज्या झाडावर (सोर्स कोडच्या फायलींच्या संचावर) ते काम करत होते त्याची जिवंत प्रत मिळण्याचा मार्ग उरला नव्हता. नेटबीएसडीतून ओपनबीएसडी वेगळा झाला तो या पार्श्वभूमीवर.

इतिहास उघडता आला, कारण तो कोरा होता

रिपॉझिटरी उघडणे म्हणजे आजच्या फायली दाखवणे नव्हे. सीव्हीएसमध्ये प्रत्येक फाइलची आरसीएस या जुन्या साधनाच्या पद्धतीची इतिहास-फाइल असते. तिच्यात त्या फाइलच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या भरलेल्या असतात. फाइल काढून टाकली तरी इतिहास-फाइल फक्त ‘अ‍ॅटिक’ नावाच्या उपनिर्देशिकेत सरकते. ज्याला रिपॉझिटरी वाचता येते त्याला काढून टाकलेले सगळे परत मिळवता येते.

बीएसडी घराण्यात हा मुद्दा फार नाजूक होता. युनिक्सचे हक्क असलेली युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज (यूएसएल) ही कंपनी आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातला खटला १९९४ च्या सुरुवातीला तडजोडीने मिटला. तडजोडीनुसार बर्कलेच्या नेटवर्किंग रिलीज २ या आवृत्तीच्या सुमारे १८,००० फायलींपैकी ३ काढल्या गेल्या, काहींत किरकोळ बदल झाले आणि सुमारे ७० फायलींवर यूएसएलची कॉपीराइट सूचना चढली. जून १९९४ मध्ये वादातून सुटलेली ४.४ बीएसडी-लाइट ही आवृत्ती निघाली आणि मुक्त बीएसडी प्रकल्पांना आपला पाया त्यावर हलवावा लागला. जुन्या पायावरचा इतिहास ज्या रिपॉझिटरीत आहे ती अनोळखी लोकांना उघडून देणे म्हणजे वादग्रस्त आवृत्त्या पुन्हा वाटणे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या बीएसडी प्रकल्पाने आवृत्ती २ साठी रिपॉझिटरी नव्याने सुरू केली ती याच खटल्यामुळे.

ओपनबीएसडीच्या रिपॉझिटरीतली पहिली कमिट म्हणजे ऑक्टोबर १९९५ मधल्या नेटबीएसडी झाडाची सरळ आयात. तिच्यामागे काहीच नाही. त्यामुळे उघडण्याआधी साफ करण्यासारखा जुना इतिहास उरलाच नाही. याची किंमतही आहे: त्या तारखेआधी एखादी ओळ कुठून आली हे या रिपॉझिटरीत सापडत नाही, त्यासाठी नेटबीएसडीचा इतिहास शोधावा लागतो. तरीही कायदेशीर गुंता असलेल्या कोडसाठी आम्ही आजही हाच मार्ग सुचवू. अर्धवट साफ केलेल्या इतिहासापेक्षा नव्या आयातीपासून सुरू झालेला इतिहास बरा.

वाचण्यासाठी लिहावे लागणारे सीव्हीएस

सीव्हीएसला नेटवर्कवरून काम करण्याची क्षमता तेव्हा नुकतीच आली होती. क्लायंट आरएसएचने (दूरच्या यंत्रावर आज्ञा चालवणाऱ्या साधनाने) दुसऱ्या यंत्रावर शिरतो, तिथे ‘सीव्हीएस सर्व्हर’ ही आज्ञा चालवतो आणि दोघे आपसात बोलतात. अनोळखी माणसाला हे द्यायचे तर तीन अडथळे होते.

पहिला, खाते. आरएसएचने शिरायला खाते लागते, आणि खाते म्हणजे शेल, यंत्रावर हव्या त्या आज्ञा देण्याची मुभा. अनोळखी माणसाच्या हाती शेल कोणी देत नाही. तोडगा म्हणून ‘अनॉनसीव्हीएस’ नावाचे एकच सामायिक, परवलीचा शब्द नसलेले खाते ठेवले आणि त्याला नेहमीचा शेल न देता छोटा खास प्रोग्रॅम दिला. हा प्रोग्रॅम फक्त एकच मागणी मान्य करतो: सीव्हीएस सर्व्हर चालव. बाकी काहीही मागितले तर संदेश दाखवून बाहेर काढतो. मागणी मान्य झाली की आधी सीरूटने स्वतःला एका बंदिस्त निर्देशिकेत कोंडून घेतो, मग विशेष अधिकार सोडून देतो आणि त्यानंतरच सीव्हीएस चालवतो. क्रम इथे महत्त्वाचा आहे. सीरूटला रूट या सर्वाधिकारी खात्याचे अधिकार लागतात, म्हणून प्रोग्रॅम सेटयूआयडी असतो, म्हणजे कोणी चालवला तरी रूटच्या अधिकारांनी सुरू होतो. अधिकार सोडायच्या आधी सीव्हीएस चालू झाले तर कोंडण्याला अर्थ राहत नाही.

बंदिस्त निर्देशिकेत काय काय लागते हे कागदावर सोपे वाटते, प्रत्यक्षात इथेच सर्वांत जास्त वेळ जातो. सीव्हीएसचा प्रोग्रॅम, त्याला लागणारी लायब्ररी आणि लोडर (किंवा सरळ स्टॅटिक बांधणी), नल उपकरणाची (आलेले सगळे टाकून देणाऱ्या आभासी उपकरणाची) नोंद, एकाच खात्याची नोंद असलेली छोटी पासवर्ड फाइल, लिहिता येईल अशी तात्पुरती निर्देशिका आणि रिपॉझिटरीची प्रत. यातले काही विसरले तर सीव्हीएस जी चूक दाखवते ती खऱ्या कारणाकडे बोट दाखवत नाही. नल उपकरण राहून गेले तर जोडणी मधेच तुटल्यासारखी दिसते आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो.

दुसरा अडथळा मुळातला होता: सीव्हीएसला वाचण्यासाठीही रिपॉझिटरीत लिहावे लागते. चेकआउट करताना, म्हणजे फायली उतरवताना, ते प्रत्येक निर्देशिकेत वाचन-लॉकची फाइल तयार करते, कोणी काय उतरवले याची नोंद इतिहास-नोंदवहीत करते, टॅग (आवृत्तीला दिलेले नाव) वापरला तर तो वैध टॅगच्या यादीत चढवते. म्हणजे ‘फक्त वाचू द्या’ म्हटले तरी अनोळखी खात्याला लिहिण्याचा अधिकार द्यावा लागणार. ओपनबीएसडीने सीव्हीएसमध्येच बदल करून फक्त-वाचनाची अवस्था आणली. ती चालू असली की सीव्हीएस लॉक घेत नाही आणि नोंदवहीला हात लावत नाही. ही सोय पुढे सर्वांच्या सीव्हीएसमध्ये आली; सीडीवरच्या रिपॉझिटरीतून चेकआउट करतानाही ती कामाची आहे.

लॉक नाही याचा अर्थ मात्र समजून घ्यायला हवा. प्रत ताजी होत असताना कोणी वाचत असेल तर त्याला अर्ध्या फायली जुन्या आणि अर्ध्या नव्या मिळू शकतात. त्यात सीव्हीएसची कमिट अखंड नसते. वीस फायलींचा बदल वीस स्वतंत्र नोंदी म्हणून जातो. हेडर फाइल नवी आणि ती वापरणारी फाइल जुनी, असे झाड हाती आले तर कंपाइल होत नाही. यावर उपाय साधा आहे: थोड्या वेळाने पुन्हा अपडेट करा. पण हे पुढच्या माणसाला आधी सांगितले नाही तर तो ‘झाड मोडले’ अशी तक्रार पाठवतो. या तक्रारी पहिल्या दिवसापासून येतात हे गृहीत धरलेले बरे.

तिसरा अडथळा म्हणजे मुख्य यंत्राची सुरक्षितता. सीव्हीएसचा स्वतःचा पी-सर्व्हर हा मार्गही होता, पण त्यात परवलीचा शब्द जेमतेम विस्कटून पाठवला जातो, तो कोणालाही उलगडता येतो. शिवाय लिहिणारे आणि वाचणारे एकाच दारातून आत येतात. ओपनबीएसडीने दारे वेगळी केली. विकसक कमिट करतात ती मुख्य रिपॉझिटरी कॅनडातल्या कॅलगरीत. अनोळखी वाचकांसाठीची यंत्रे, म्हणजे मिरर, निराळी. त्यांच्यावर फक्त प्रत, आणि प्रत एकाच दिशेने येते. सार्वजनिक यंत्र कोणी फोडले तरी मुख्य रिपॉझिटरीला धक्का लागत नाही आणि प्रत पुन्हा उतरवून घेता येते. आमच्या मते या संपूर्ण रचनेतला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच.

मिरर आणि त्यांचा भार

सीव्हीएसचा सर्व्हर खादाड असतो. अपडेट मागितले की क्लायंट आपल्या प्रत्येक निर्देशिकेची आणि फाइलची स्थिती कळवतो, आणि सर्व्हर तेवढ्याच निर्देशिकांचा सांगाडा आपल्या तात्पुरत्या जागेत उभा करतो. पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमच्या झाडात हजारो फायली असतात. एकाच वेळी दहा जण अपडेट करत असतील तर दहा सांगाडे. तात्पुरती निर्देशिका भरली की सगळ्यांच्याच जोडण्या तुटतात. म्हणून ती वेगळ्या आणि मोठ्या विभाजनावर ठेवावी लागते.

स्थिर शाखा (निघालेल्या आवृत्तीची, फक्त दुरुस्त्या घेणारी) उतरवणे मुख्य शाखेपेक्षा महाग पडते, कारण आरसीएस पद्धतीत मुख्य शाखेची शेवटची आवृत्ती पूर्ण साठवलेली असते, तर शाखेवरची आवृत्ती फरक एकावर एक लावून बनवावी लागते. संक्षेपणाचा पर्याय वापरला की तारेवरची वाहतूक घटते पण सर्व्हरच्या प्रोसेसरवर ताण येतो. जलद जोडणी असलेल्याने तो न वापरणेच शहाणपणाचे.

सर्वांत मोठी बचत झाली ती एका साध्या सवयीने. नव्या माणसाने रिकाम्या निर्देशिकेत चेकआउट करू नये. आवृत्तीबरोबर आलेला किंवा एफटीपीवरचा सोर्सचा टारबॉल आधी उघडावा आणि त्यावर अपडेट चालवावे. टारबॉलमध्ये सीव्हीएसच्या नोंदी असतातच, त्यामुळे सर्व्हरकडून फक्त मधले फरक येतात. मंद जोडणीच्या त्या काळात या सवयीने कितीतरी तास वाचत.

मिरर काही तासांच्या अंतराने ताजे होत. याचा एक विचित्र परिणाम असा की कमिटची मेल आधी येते आणि कोड नंतर. वाचक मेल पाहून लगेच अपडेट करतो, त्याला काहीच मिळत नाही, आणि आपलेच काही चुकले असे त्याला वाटते. प्रत्येक मिररच्या नावापुढे तो किती तासांनी ताजा होतो हे लिहून ठेवल्यावर हा गोंधळ बराच निवळतो.

कायद्याचाही एक पेच होता. त्या काळी अमेरिकेतून प्रबळ कूटलेखनाचा कोड निर्यात करण्यावर कडक निर्बंध होते. ओपनबीएसडीची मुख्य रिपॉझिटरी कॅनडात असल्याने असा कोड झाडात ठेवता आला. जून १९९७ च्या २.१ आवृत्तीत आयपीसेक (नेटवर्कवरची वाहतूक कूटलेखनाने सुरक्षित करणारी पद्धत) आले ते त्यामुळेच. पण अमेरिकेतल्या मिररवरून तोच कोड देशाबाहेरच्या माणसाने उतरवला तर ती अमेरिकेतून निर्यात ठरणार. म्हणून सूचना द्यावी लागली की अमेरिका व कॅनडाबाहेरच्यांनी कूटलेखनाचे भाग अमेरिकेतल्या सर्व्हरवरून घेऊ नयेत. अमेरिकेतल्या विकसकांना या भागात हातच घालता येत नव्हता. २००० च्या सुरुवातीला अमेरिकेचे नियम सैल झाले. रिपॉझिटरी कोणत्या देशातल्या यंत्रावर आहे हा प्रश्न फालतू नसतो.

वाचकाच्या बाजूने

वाचकाला करायचे असे ते थोडेच. आरएसएचच्या जागी एसएसएच (तेच काम कूटलेखनासह करणारे साधन) वापरायला सांगणारे चल ठरवायचे, जवळचा मिरर निवडायचा, टारबॉल उघडायचा आणि अपडेट चालवायचे. अपडेटला दोन पर्याय न चुकता द्यायचे: रिकाम्या निर्देशिका छाटणारा मोठ्या लिपीतला ‘पी’ आणि नव्या निर्देशिका आणणारा छोट्या लिपीतला ‘डी’. हा ‘डी’ विसरणे ही सर्वांत नेहमीची चूक. सीव्हीएस काही तक्रार करत नाही, नव्या निर्देशिका मुकाट्याने येत नाहीत, आणि बांधणी कुठेतरी मधेच ‘फाइल सापडली नाही’ म्हणून थांबते.

दुसरी चूक चिकट टॅगची. एखाद्या आवृत्तीची शाखा मागून चेकआउट केले की ती शाखा त्या प्रतीला चिकटते. नंतरची सगळी अपडेट त्याच शाखेची येतात. ताजे झाड हवे तर मोठ्या लिपीतल्या ‘ए’ पर्यायाने टॅग काढावा लागतो. तो एखाद्याच उपनिर्देशिकेत चालवला तर झाडाचा एक भाग ताजा आणि बाकीचा स्थिर राहतो. कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका शाखेचे आणि बाकीचे प्रोग्रॅम दुसऱ्या शाखेचे, हे मिश्रण चालत नाही, आणि त्यातून आलेल्या दोषांच्या तक्रारींवर दोन्ही बाजूंचा वेळ जातो.

या तपशिलांपलीकडे जे मिळाले ते मोलाचे होते. अपडेट करताना स्थानिक बदल टिकतात. वरून आलेला बदल वेगळ्या ओळींत असेल तर आपोआप मिसळतो, त्याच ओळींत असेल तर सीव्हीएस खुणा घालून दाखवते. म्हणजे आपली दुरुस्ती सहा महिने प्रकल्पात गेली नाही तरी ती जिवंत ठेवता येते. पाठवायची वेळ आली की एका आज्ञेने, त्या क्षणीच्या झाडावरचा युनिफाइड डिफ निघतो. तो विकसकाकडे जसाच्या तसा बसतो. लॉग वाचून आणि प्रत्येक ओळीचा कर्ता पाहून तो कोणाला पाठवायचा हेही कळते. मेल पाठवताना टॅबची जागा स्पेसने घेतली तर तोच डिफ निकामी होतो. ही काळजी मात्र पाठवणाऱ्याचीच.

लिहिण्याचा हक्क

लिहिण्याचा अधिकार ओपनबीएसडीने मागणाऱ्याला कधीच दिला नाही. तो निमंत्रणाने मिळतो. एखाद्याचे डिफ सातत्याने चांगले येऊ लागले, ते तपासून बसवण्यात आतल्या माणसाचा वेळ जाऊ लागला, की त्यालाच खाते देणे सोयीचे ठरते. आत आल्यावरही दुसऱ्या विकसकाची संमती घेऊन कमिट करायची आणि संमती देणाऱ्याचे नाव नोंदीत लिहायचे, अशी रीत आहे.

हे कडक वाटते, पण बाहेरच्याला यात अपमान वाटत नाही, कारण त्याला आतल्याइतकेच दिसते. प्रत्येक कमिटची नोंद मेल यादीवर आपोआप जाते. आपला डिफ कुठे बदलून घेतला, नोंदीत काय लिहिले, हे तो त्याच दिवशी वाचतो. पुढचा डिफ तो त्या घाटाचा करतो. शिकवण्याचे काम कोणी बसून करत नाही, ते कमिटच्या प्रवाहातून होते. १९९६ च्या उन्हाळ्यात फाइलमागून फाइल तपासण्याचे सुरक्षा-परीक्षण सुरू झाले. त्या गटात साधारण ६ ते १२ जण असत. पण त्यांच्या दुरुस्त्या जाहीर कमिटमधून दिसत असल्याने एकाच प्रकारची चूक झाडात आणखी कुठे आहे हे बाहेरचा वाचकही शोधू शकत होता.

याच खुलेपणाची उलटी बाजू अशी की सुरक्षेची दुरुस्ती कमिट होताच हल्लेखोरालाही दिसते. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यापर्यंत पॅच पोहोचेपर्यंतचा काळ धोक्याचा. ओपनबीएसडीने शोधलेल्या अनेक चुका साधे दोष म्हणून दुरुस्त झाल्या आणि त्यांचा गैरवापर होऊ शकतो हे नंतर उघड झाले, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही दरी फारशी जाणवली नाही. पण ज्ञात हल्ल्याच्या दुरुस्तीला हे लागू पडत नाही. तिथे पॅच, सूचना आणि कमिट एकाच वेळी बाहेर पडायला हवेत.

दोन वर्षांनी कंपायलरच्या जगात याच प्रश्नाने पुन्हा तोंड वर काढले. जीसीसी या मुक्त कंपायलरचा विकास मोजक्यांच्या हातात होता आणि बाहेरच्यांचे पॅच साठत चालले होते. ऑगस्ट १९९७ मध्ये ईजीसीएस हा फाटा खुल्या रिपॉझिटरीसह सुरू झाला. एप्रिल १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यालाच अधिकृत जीसीसी केले आणि जुलैमध्ये २.९५ आवृत्ती निघाली. परवाना दोन्हीकडे तोच होता.

आज उघडायची असेल तर

गिटने यांत्रिक अडथळे बहुतेक संपवले. कमिट अखंड आहे, वाचायला लॉक लागत नाही, प्रत्येक क्लोन (उतरवलेली प्रत) म्हणजे पूर्ण रिपॉझिटरी. त्यामुळेच इतिहासाचा प्रश्न मात्र जास्त टोकदार झाला: एकदा उघडले की काही तासांत प्रती पसरतात, परत बोलावता येत नाहीत.

म्हणून उघडण्याआधी मिरर-क्लोन काढून सगळ्या शाखा आणि टॅगांच्या इतिहासात गुप्त किल्ल्या, परवलीचे शब्द आणि अंतर्गत पत्ते शोधावेत. मुख्य शाखा तपासून भागत नाही. किल्ली सापडली तर आधी ती रद्द करून नवी घ्यावी, मग इतिहासातून काढावी. उलट क्रमाने केल्यास जुनी किल्ली कुणाच्या तरी प्रतीत चालू राहते. इतिहास पुसण्यासाठी गिट फिल्टर-रेपो वापरावे. त्याने बदललेल्या कमिटचे आणि त्यापुढच्या सगळ्यांचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात, जुने क्लोन निरुपयोगी होतात, दोष-नोंदींत लिहिलेले जुने हॅश तुटतात. हे साधन जुन्या आणि नव्या हॅशची जोडयादी तयार करते. ती जपून ठेवावी आणि नोंदी त्यावरून दुरुस्त कराव्यात. विकसकांचे जुने ईमेल पत्ते मेलमॅप फाइलने फक्त दिसताना बदलतात, कमिटमध्ये तसेच राहतात; ज्याला ते नको असेल त्याच्यासाठी तेही याच फेरीत पुसावेत. दुसऱ्यांदा इतिहास बदलण्याची वेळ येऊ देऊ नये.

होस्टिंगच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या हा नवा धोका. बाहेरच्याने पाठवलेला कोड जिथे चालतो तिथे प्रकाशनाच्या किल्ल्या असता कामा नयेत. मूळ रिपॉझिटरीच्या अधिकारांनी चालणारे काम जर बाहेरच्या शाखेचा कोड उतरवून चालवत असेल, तर ती किल्ली गेलीच समजा. ओपनबीएसडीने सार्वजनिक यंत्र आणि कमिटचे यंत्र वेगळे ठेवले, तेच तत्त्व इथेही लावायचे.

सर्वांत जास्त नुकसान मात्र दुहेरी रिपॉझिटरीने होते. आत खरी, बाहेर दर आठवड्याला ओतलेली प्रत. बाहेरचा माणूस प्रतीवर काम करतो, त्याचा बदल आत हाताने नेला जातो, परत येताना कर्त्याचे नाव जाते आणि दहा कमिटची एक होते. हे १९९५ च्या टारबॉलचेच दुखणे आहे, फक्त वेग वाढलेला. उघडण्याच्या दिवशी आतली रिपॉझिटरी फक्त-वाचन करावी आणि आतल्या विकसकांनीही सार्वजनिक रिपॉझिटरीतच, त्याच तपासणीतून काम करावे. अपवाद एकच, सुरक्षेच्या जाहीर न झालेल्या दुरुस्त्यांची खासगी शाखा.

जाहीर करण्याआधी एक चाचणी घ्यावी. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला कोऱ्या यंत्रावर फक्त सार्वजनिक पत्ता देऊन बसवावे: उतरवणे, बांधणे, चाचण्या चालवणे, एका ओळीचा बदल करून पाठवणे. तो जिथे जिथे आतल्या माणसाला विचारायला येईल, तिथे अंतर्गत सर्व्हरवरचे पॅकेज, न लिहिलेली पायरी किंवा कंपनीच्या जाळ्यातच उघडणारा दुवा असतो. यादी करून त्या अडचणी दूर कराव्यात आणि दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर, दुसऱ्या माणसाला पुन्हा बसवावे.